चौदा अंगठे

शालूबाईनं मोटरसायकलला बांधलेलं पोतं सोडवलं, पत्र्याच्या शेडमध्ये नेलं आणि उपडं केलं. निळ्या रबरी हातमोज्यांचा ढीग खाली पडला. त्यामागून चार चष्मे, एक पांढरा डगला, प्रथमोपचाराची पेटी आणि ‘फवारणी सुरू आहे, आत येऊ नये’ अशी पाटी. पाटीच्या पायाला नाथाजींच्या बागेतला चिखल तसाच होता. तासाभरापूर्वी पाटी तिथं उभी होती.

“आवरा, आवरा,” बागेचे मालक जोतिबाआबा म्हणाले. “मॅडम नाथाजीकडं जेवायला बसल्यात. हात धुतला की गाडी सरळ हितं.”

गावात निर्यातीच्या द्राक्षबागा सात आणि हे सामान एकच. दर जानेवारीत परदेशातून तपासणीला माणूस यायचा, तेव्हा ते पोतं त्याच्या गाडीच्या पुढं पुढं एका बागेतून दुसऱ्या बागेत पळायचं. पहिल्या वर्षी सगळ्यांना याची लाज वाटली. दुसऱ्या वर्षी हसू आलं. आता लग्नातल्या भाड्याच्या पातेल्यांसारखं झालं होतं. आपली पाळी आली की वापरायचं, पुसून पुढं द्यायचं. विट्याच्या त्या अंगाला इतकी फिरलेली आणि इतकी कोरी राहिलेली वस्तू दुसरी नसेल.

शालूबाईच्या टोळीतल्या चौदाजणी शेडमध्ये बसून मोजे घालायला लागल्या. शालूबाईनं घातलेला मोजा डोळ्यांसमोर धरून बघितला. करंगळीच्या जागी दोन बोटं गेली होती. तिनं तो काढला आणि बघत बघत, एकेक बोट ज्याच्या त्याच्या घरात सोडत पुन्हा घातला.

शेजारी बसलेली तानुबाई टोळीत सगळ्यांत थोरली, साठीची. तिनं हे पाहिलं.

“तुजं बी तसंच का गं?”

“कवाचंच.”

“मला वाटलं, माजंच वय झालं.”

तानुबाईनं आपला मोजा तिच्यापुढं केला आणि शालूबाईनं तिची बोटंही लावून दिली.

ऑक्टोबरात छाटणी झाली की द्राक्षाच्या काड्यांना पेस्टिंग करतात, म्हणजे काडीवरचे डोळे फुटून कोंब यायचं औषध चोळतात. छाटणीमागोमाग दोन दिवसांत सगळी बाग उरकावी लागते, नाहीतर डोळे मागंपुढं फुटतात आणि माल एकसारखा येत नाही. एका हातात औषधाचा डबा, दुसऱ्या हातात कापडाचा बोळा. बोळा बुडवायचा, काडी मुठीत धरायची आणि पुसत पुढं जायचं. काम उक्तं, एकरावर ठरलेलं. पहिल्या वर्षी आबांनी मोजे आणून दिले होते, खोटं कशाला बोला. पण मोज्यातून बोळा निसटायचा. हात वर केला की औषध मनगटावरून ओघळून मोज्यातच साठायचं, आणि नुसत्या हातांपेक्षा मोज्यातले हात जास्त भाजायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी बायकांनीच मोजे काढून बांधावर ठेवले. कुणी काही म्हणालं नाही. बाग वेळेत झाली.

बोटांची कातडी आधी पांढरी पडायची, मग सोलायची, मग नवी यायची. दर हंगामाला नवी आलेली कातडी आधीच्यापेक्षा गुळगुळीत. असे आठ हंगाम झाले. गेल्या वर्षी रेशनच्या दुकानात मशीननं शालूबाईचा अंगठा घेतला नाही. दहाही बोटं टेकवून झाली. दुकानदार म्हणाला, “मावशी, मशीन म्हणतंय तुमी न्हाईच.” रांग हसली, तीही हसली. तेव्हापासून तिचा नवरा अर्जुना मेंढरांमागून घरी आला की त्याच्या अंगठ्यावर धान्य यायचं.

तिला त्याचंही फारसं काही वाटलं नव्हतं. गरम तवा उचलला तरी काही वाटत नव्हतं, तिथं रेशनचं काय! वाटायला लागलं ते प्रांजल बाळंतपणाला आल्यावर. लेकीची पहिली खेप. मुलगी झाली. पाचवी उरकल्यावर शालूबाई पाटावर पाय पसरून बसली, नातीला पायांवर पालथं घेतलं, बादलीत हात घातला आणि तांब्या भरला. प्रांजलनं सहज म्हणून बादलीत बोट बुडवलं आणि किंचाळली. तांब्या तिनं आईच्या हातातून हिसकावूनच घेतला. पाणी कढत होतं.

त्या दिवसापासून शेजारची बाई येऊन बाळाला न्हाऊ घालायची. प्रांजल आईला टाकून बोलली नाही, उलट “तुला काम असतं आई, कशाला दगदग,” असं म्हणाली. शालूबाई चुलीपाशी बसून जाळ सारायची आणि नातीचं रडणं ऐकायची. महिना भरायला अजून बारा दिवस होते. सव्वा महिन्यानं प्रांजल सासरी जाणार होती.

म्हणून आज शालूबाईला एक गोष्ट विचारायची होती. ऑक्टोबरात आबांचा पुतण्या जयराज डब्यावरची अक्षरं वाचून म्हणाला होता, “युरोपातलं हाय, मावशी. अस्सल.” तपासणीची मॅडमही तिकडचीच. ज्यांनी औषध काढलं त्यांच्याकडं उतारा असणारच, एवढं तिला कळत होतं. आठ दिवस ती बागेत घडांना कागद गुंडाळताना ते वाक्य मनात घोळवत होती: बोटास्नी कळत न्हाई, त्याला तुमच्याकडं काय असतं का? जयराज शेतकी शाळा शिकलेला, इंग्रजीतून सांगेल. एका वाक्याचं तर काम.

गाडी आली. मॅडम उंच होती, पन्नाशी ओलांडलेली, उन्हानं नाक लाल झालेलं. उतरल्या उतरल्या तिनं सगळ्या बायकांना हात जोडले. बायकांनी निळे हात जोडले. मॅडमला ते बघून बरं वाटलं असावं, ती हसली.

मग ती बाग फिरली. कागदातले घड उघडून बघितले, पाटी वाचून घेतली, संडासात साबण आहे का ते पाहिलं, पेटी उघडून आयोडीनची बाटली हलवली. हीच बाटली तिनं सकाळी नाथाजींकडं हलवली होती. पण बाटल्या सगळ्या सारख्याच दिसतात. द्राक्षांचा रिपोर्ट आठ दिवसांपूर्वीच आला होता, एकदम स्वच्छ. पेस्टिंगचं औषध द्राक्षात उतरत नाहीच. मणी धरायच्या कितीतरी आधी ते काडीवर वाळून गेलेलं असतं.

शेवटी शेडमध्ये टेबलावर कागदपत्रं मांडली. आबांनी सगळ्यांत वर एक वही ठेवली. सगळ्या सामानात या एकाच गोष्टीचा त्यांना खरा अभिमान होता. पाटी फिरती, चष्मे फिरते. वही मात्र त्यांची स्वतःची. ऑक्टोबरात पेस्टिंगच्या आठवड्यात ‘हातमोजे मिळाले’ म्हणून त्यांनी चौदाजणींचे अंगठे घेतले होते. पोत्यातले मोजे तेव्हा दिलेही होते, त्यात खोटं नव्हतं; ते बांधावर राहिले ही गोष्ट वेगळी. टोळीतली माया बारावी शिकलेली. ती सही करते म्हणाली, तर आबांनी तिलाही अंगठाच उठवायला लावला. “सही कुणीबी मारतंय,” ते म्हणाले होते. “अंगठा खोटा निघत न्हाई.”

मॅडमनं वही उघडली. चष्मा लावला. मग मोबाइलवर पानाचा फोटो काढला आणि बोटांनी मोठा करून बघितला. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ती जयराजला काहीतरी म्हणाली, आणि जयराजचे कान लाल झाले.

“काय म्हणत्यात?” आबांनी विचारलं.

“म्हणत्यात,” जयराज घुटमळला, “हे समदे अंगठे एकाच माणसाचे हायत. वही बनावट हाय.”

आबा खुर्चीतून उठले. तपासणीतल्या दहा खोट्या गोष्टी पचल्या आणि एक खरी होती तिच्यावर बोट आलं, हे त्यांना सोसलं नाही. आवाज चढला, त्यात रडवेलेपणाही होता.

“बोलव समद्यांना. म्हणावं, तुमच्या डोळ्यांदेखत घेतो. जोतिबानं आजवर खोटा अंगठा लावला न्हाई!”

एका बागेत बनवाबनवी सापडली तर सातही बागांचं सर्टिफिकेट जातं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बायका मोजे काढून रांगेत उभ्या राहिल्या. आबांनी कोरं पान काढलं आणि शाईचा पॅड उघडून ठेवला.

शालूबाई पहिली. तिनं अंगठा पॅडवर दाबला आणि पानावर टेकवला. निळा ठिपका उमटला. आत एक रेषा नव्हती. तिच्या खाली तानुबाईचा उमटला, तोही तसाच. तिसरा, चौथा, पाचवा. पानावर एकाखाली एक निळे ठिपके वाढत गेले. मायाचा अंगठा शेवटचा. त्यात एका कडेला दोन-तीन बारीक रेषा आल्या. ती दोनच हंगाम कामाला आली होती.

आबा पानाकडं बघत राहिले. मग त्यांनी स्वतःचा अंगठा पॅडवर दाबून चौदांच्या खाली उठवला. नांगरलेल्या वावरासारख्या रेषा सरळ उमटल्या. आबांनी त्या बघितल्या, वरचे ठिपके बघितले आणि शाईचा अंगठा तसाच हवेत धरून खाली बसले. बायकांचे हात त्यांनी आठ वर्षं रोज पाहिले असतील. पण कुणाच्या हाताला काय झालंय ते असं कागदावर आल्याशिवाय दिसत नाही.

मॅडमनं आबांकडं पाहिलं नाही. तिनं मायाच्या ठिपक्यावर बोट ठेवलं, मग शालूबाईच्या, आणि शालूबाईकडं वळून काहीतरी विचारलं. आवाज हळू होता.

“मावशी,” जयराज म्हणाला, “विचारत्यात, हे कशानं झालं?”

आठ दिवस जपून ठेवलेलं वाक्य शालूबाईच्या जिभेवर आलं. मॅडम तिच्याकडंच बघत होती. विचारायला याहून चांगली वेळ मिळाली नसती. पण तिला आबांचा हवेतला अंगठा दिसला. प्रांजलला कळा आल्या तेव्हा भर रात्री आबांचीच गाडी विट्याला गेली होती, आणि गाडीचं भाडं त्यांनी कधी काढलं नव्हतं. मागं तेराजणी उभ्या होत्या. सात बागांचं काम गेलं तर ऑक्टोबरात त्या कुठं जाणार? तानुबाईनं मान अगदी थोडी हलवली. नको म्हणून.

“आवं, आमच्या बायकांचे अंगठे असेच,” शालूबाई म्हणाली. “राखंनं भांडी घासायची, शेणानं सारवायचं, माती कालवायची. झिजत्यात. तुमच्याकडं समद्याला मशीनी असत्यात, म्हणून तुमचे ऱ्हात्यात.”

जयराजनं ते भराभर इंग्रजीत सांगितलं. बहुधा शालूबाईपेक्षाही चांगलं सांगितलं.

मॅडम शालूबाईकडं बघत राहिली. मग मायाच्या रेषांकडं. मग तिची नजर शेडच्या कोपऱ्यात गेली. तिथं औषधाचे रिकामे डबे धुऊन, पालथे घालून, नियमाप्रमाणं रचून ठेवले होते. तिला कळलं की नाही, हे शालूबाईला शेवटपर्यंत समजलं नाही. मॅडमनं पेन उघडलं आणि बराच वेळ लिहिलं.

“झालं!” जयराज म्हणाला आणि त्यानं श्वास सोडला. “पास हाय. एकच त्रुटी काढलीय. अंगठ्यावरनं वळख पटत न्हाई, तवा फुडल्या वर्षापासनं अंगठ्याच्या जागी फोटो लावा म्हणत्यात.”

बायका हसल्या. कुणीतरी चहाचं आधण ठेवलं. आबाही हसले, पण उशिरा.

निघताना मॅडम पुन्हा शालूबाईपाशी थांबली.

“मावशी, तुमाला काय विचारायचंय का त्यांना?” जयराज म्हणाला. “फॉर्मात असतं ते. कामगाराला विचारायला लागतं.”

आता काय विचारणार? राखेनं झिजलेल्या बोटांना राखेचाच उतारा मागायचा का? शालूबाईनं मोजे एका हातातून दुसऱ्या हातात घेतले.

“इचार, त्यांच्याकडं ही पेस्टिंगची कामं कोण करतं?”

मॅडम बोलली. बरंच बोलली, मध्ये एकदा स्वतःच्या तळहाताकडं बघून थांबली, पुन्हा बोलली. जयराज खाली बघत ऐकत होता.

“त्यांच्याकडं करत न्हाईत,” तो म्हणाला.

“का?”

“पुढारलेला देश हाय, मावशी. लागत न्हाई त्यांना.”

मॅडमनं हात पुढं केला. शालूबाईनं आपला हात तिच्या हातात दिला आणि त्या दोन हातांकडं बघत राहिली. मॅडमच्या बोटांच्या टोकांना निळी शाई लागली, तेव्हा तिनं हात बराच दाबला असावा असं शालूबाईला वाटलं.

गाडी धुरळा उडवत गेली. आबा चहा न घेताच बागेत निघून गेले. जयराज सामान गोळा करायला लागला. उद्या सकाळी ते पलीकडच्या बागेत लागणार होतं. शालूबाईनं पोत्याचं तोंड उघडं धरलं. तो मोजे भरत राहिला आणि वर न बघता म्हणाला,

“लागत न्हाई असं न्हाई, मावशी. बंद केलंय त्यांनी ते औषध. हाताला वाईट म्हणून. लय वर्सं झाली.”

“आन् बनवत्यात कुठं ते?”

“तिकडंच.”

शालूबाईनं पाटी आडवी करून पोत्यात सारली. चष्मे घातले. पेटी वर ठेवली, म्हणजे फुटणार नाही.

“ह्याला काय उतारा असतो का, ते बोलली का ती?”

जयराजनं पहिल्यांदा तिच्याकडं पाहिलं.

“तुमी इचारलंच न्हाई, मावशी.”

“व्हय,” ती म्हणाली. तिनं पोत्याला गाठ मारली आणि गाठ बसली का ते वाकून बघितलं.

ती घरी पोचली तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. अर्जुना मेंढरं घेऊन यायचा होता. प्रांजल उंबऱ्यात बाळाला मांडीवर घेऊन बसली होती.

“अंगठा कशानं निळा झाला?”

“आबांच्या बागंत. पास झाली बाग.”

“बरं झालं की.”

शालूबाईनं रांजणातलं पाणी हातावर घेतलं. शाई एका पाण्यात निघून गेली. धरून ठेवायला तिथं काही नव्हतंच. तिनं हात पदराला पुसले आणि लेकीशेजारी येऊन टेकली. प्रांजलनं तिच्याकडं बघितलं आणि काय वाटलं कोण जाणे, बाळ उचलून तिच्या मांडीवर ठेवलं. बाळ जागं होतं. हातपाय झाडत होतं. शालूबाईनं त्याच्या गालाला आपला गाल लावून बघितला. अंग गरम आहे की गार हे तिला आता तसंच कळायचं. गार होतं.

“अगं आई, बघ तर,” प्रांजल हसत म्हणाली. “तुजं बोट कसलं घट्ट धरलंय तिनं. सोडायलाच तयार न्हाई.”

शालूबाईनं खाली वाकून बघितलं. धरलं होतं खरं.

“व्हय,” ती म्हणाली. “लय घट्ट.”